फळीची कड

आमच्या मनूचं लग्न निपाणीला झालं ते साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी. वैशाख होता. मुलीला गाडीत बसवून मी घरात आले, पदराने तोंड पुसलं, आणि पहिला विचार मनात आला तो पांजणीचा. मनू गेली म्हणजे पांजणीचे दोन हात गेले.

हातमागावर चढवायच्या आधी उभ्या सुताला, म्हणजे ताण्याला, शिजवलेल्या पिठाची खळ पाजावी लागते. तीच पांजणी. वडगावात आमच्या गल्लीत चाळीस हात लांब ताणा दोन खुंटांना ताणून बांधायचा. खाली बांबूच्या घोड्या लावायच्या, म्हणजे सूत कमरेइतकं उंच राहतं. मग दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहून कुंच्यानं खळ चोपडतात. दोरा दोऱ्याला चिकटायच्या आत सगळं झालं पाहिजे. ताणा वाळत आला की शेवटी खोबरेलाचा हात. सहा माणसं लागतात, आठ असली तर बरं. कमी पडली की खळीचे गोळे होतात आणि ताणा फुकट जातो.

म्हणून गल्लीची रीत होती. ताणा बाहेर आला की गल्लीत जो असेल त्यानं हात लावायचा. भांडण असो, बोलणं बंद असो, नाही म्हणायचं नाही. आणि ज्याचा ताणा असेल त्यानं शेवटी सगळ्यांच्या हातांसाठी उंबऱ्यावर पाण्याची घागर आणि चुलीतली राख ठेवायची. विणकराच्या हाताला तेल कळत नाही. चिंधीला पुसलं की हात कोरडा वाटतो, पण तो कोरडा नसतो. माझ्या सासूनं असल्या हातानं लोणच्याची भरलेली बरणी उचलली आणि पायावर पाडून घेतली होती. राखेनं चोळल्याशिवाय ते तेल जात नाही.

आणखी एक होतं. बांधलेला ताणा कुणी ओलांडायचा नाही. वळसा घालून जायचं.

आमच्या घरात भावाभावांची वाटणी मनूच्या लग्नाआधी तीन वर्षं झाली होती. थोरले आमचे मालक सुबराव. त्यांच्या वाट्याला दोन खड्डामाग आले आणि आम्ही हातमागावरच राहिलो. धाकटा परशराम, माझा दीर. त्यानं मागच्या आवारात पत्र्याची शेड घातली आणि चार पॉवरलूम बसवले. त्याला पांजणी लागत नव्हती. त्याचं सूत खळ लावून, गुंडाळून बाहेरून येई. त्याला लागत होता रस्ता. त्याच्या शेडपासून खाली उतार येई, त्या उताराच्या तोंडाला आमची गल्ली आडवी, आणि गल्ली पार केली की पलीकडे डांबरी रस्ता. टेंपो खाली उतरावा म्हणून त्यानं उताराला सिमेंट केलं होतं. पण मंगळवारी आणि शुक्रवारी आमचा ताणा गल्लीत आडवा असे. दुपारपर्यंत टेंपो उतारावर उभा. परशराम ड्रायव्हरला सांगून हॉर्न वाजवत ठेवी. मी कुंचा हलवत राही. असं चाललं होतं.

परशरामाचा मुलगा रवळू तेव्हा बावीस वर्षांचा. टेंपोबरोबर साड्या घेऊन म्हापशाच्या बाजाराला जायचा. तिथं किनाऱ्यावर कुणा गोऱ्याकडे त्यानं चार चाकांची फळी पाहिली. त्या गोऱ्याची फळी मोडली, तेव्हा खालची चाकं आणि लोखंड मागून घेऊन हा घरी आला. चाकं आली, आता फळी पाहिजे. त्यानं काय करावं? माझ्या सासऱ्यांच्या मागाची बसायची फळी कापली.

खड्डामागावर विणकर खड्ड्याच्या काठाला फळीवर बसतो, पाय खाली. माझे सासरे सत्याप्पा त्या सागवानी फळीवर चाळीस वर्षं बसले. मधे ती खोलगट झाली होती आणि कडा वर राहिल्या होत्या. वाटणीत तो माग परशरामाकडे गेला. त्यानं माग मोडून ठेवला आणि पोरानं फळी करवतीखाली घातली.

मी उतारावर त्याला गाठलं.

"काय रं हे? मामंजींची फळी न्हवं ही?"

"व्हय काकी. आज्ज्याचीच. पडून हुती."

"तेच्यावर पाय देऊन हुबा राहतोस? लाज न्हाय?"

"आज्जा तेच्यावर काय टेकत हुता ते तुला ठावं हाय न्हवं? माझं तर नुसतं पाय हायत."

शेडच्या दारातली चारजणं हसली. परशरामही हसला. त्या दिवसापासून तो पोरगा मला डोळ्यांसमोर नको झाला.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी ते भांडण झालं. ताणा बांधलेला, खळ ओली. परशराम टेंपोतून उतरून खाली आला.

"वहिनी, ताणा काढा. माल म्हापशाला जायचा हाय."

"खळ वाळू दे."

"दर आठवड्याला तुमची खळ ओलीच! आमी काय टेंपो डोक्यावर घिऊन जाऊ?"

"तुझं माग दिवसभर खडखडत्यात, ते आमी ऐकतोय की. तू घटकाभर गप बस."

"त्या खडखडीवर घर चाललंय माझं. तुमचं खड्डं बुजवा आता. कोण नेसतंय तुमच्या साड्या?"

"बुजवतो की," मी म्हणाले. "आदी तुला खाली उतरवतो आन मग बुजवतो."

त्याची बायको शेवंता उतारावरून ओरडली, "आक्का, जीभ आवरा! माझ्या नवऱ्याला मातीत घालाय निघालाय व्हय?"

"तू गप गं. तुझ्या नवऱ्यानं भावाचं चाललेलं माग बुजवाय काढलंय, ते दिसंना तुला."

गल्ली जमली. भरमू आप्पा आले. ते गल्लीतले सगळ्यांत जुने विणकर, त्यांचा शब्द सगळे मानत. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि आधी कानडीत, मग मराठीत म्हणाले, "साकु, साकु. पुरं करा. परशराम, तुजं म्हणणं काय?"

"एवढंच, की माझा रस्ता मोकळा पायजे. ह्यांचा ताणा मला आडवा नको."

"मग वरनं उडून जा म्हणावं!" मी म्हणाले. "एक दोरा न तोडता ह्यातलं कुणी वरनं पलीकडं गेलं, तर त्या दिसापासनं मी गल्लीत खुंट पुरणार न्हाय."

मी रागात म्हणाले. माणूस उडत नाही, हे मला माहीत होतं. पण रवळू गर्दीतून पुढे आला. त्याच्या काखेत ती फळी होती.

"काकी, पुन्यांदा म्हण."

"शंभरदा म्हणतो. हाय का छाती?"

"मग लिहून दे."

सगळे हसले. त्यांना वाटलं, मी अंगठेबहाद्दर, मी काय लिहून देणार. पण त्याच्या आदल्या वर्षी मी समाजमंदिरातल्या प्रौढांच्या वर्गात बसले होते. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी अक्षरं शिकले. पाटीवर माझं नाव शेकडो वेळा लिहिलं होतं. कागदावर, चार माणसांत, कधी लिहायची वेळ आली नव्हती. ते हसले म्हणून मी म्हणाले, आणा कागद. त्या दिवशी मी बोलून थांबले असते, तर उद्या नाही म्हणता आलं असतं.

भरमू आप्पांनी कागद लिहिला. ओला ताणा बांधलेला असताना रवळू फळीवरून उडून पलीकडे गेला आणि दोरा तुटला नाही, तर सुलाबाई गल्लीत परत ताणा बांधणार नाही. दोरा तुटला, तर परशरामानं ताण्याबद्दल परत तोंड उघडायचं नाही. महिनाभराची मुदत. पहिली सही माझी. सुलाबाई सुबराव. एक अक्षर वाकडं आलं नाही.

घरात आल्यावर मालक म्हणाले, "काय करून बसलीस?"

"त्याला काय पंख हायत?"

"गल्ली गेली तर ताणा कुठं बांधायचा? आडव्या रस्त्याला? गल्ली गेली की माग गेला, सुला."

एवढं बोलून ते खड्ड्यात जाऊन बसले. ते फार बोलणारे नव्हतेच.

दुसऱ्या दिवसापासून रवळूची तालीम सुरू झाली. उताराच्या खालच्या टोकाला त्यानं वाळूच्या पोत्यांवर जुन्या दाराची एक फळी तिरकी टेकवली. तिच्या पुढे, बरोबर आमच्या ताण्याच्या उंचीला, दोन दोऱ्या बांधल्या. दोन्हींत ताण्याच्या रुंदीएवढं अंतर. शेडपासून फळीवर उभा राहून तो खाली येई. चाकांचा आवाज जात्यासारखा घरघर. तिरक्या दारावरून वर उडे आणि फळी पायाखालून निसटून एकीकडे, हा दुसरीकडे. पहिले आठ दिवस तो नुसता पडला. कोपर फुटलं, गुडघे फुटले. मी खिडकीत सूत निवडत बसे आणि बघत राही. शेवंता नळावर भेटली तेव्हा मी म्हणाले, "हळद किती लागती गं रोज?"

"तुमचं खुंट उपटायला जेवढी लागंल तेवढी लागू दे," ती म्हणाली.

नवव्या दिवशी तो पडला नाही. मी खिडकीतून उठून उभी राहिले. दारावरून सुटताना तो खाली वाकला, गुडघे छातीशी घेतले, उजवा हात मागे नेला आणि टाचेजवळ फळीची कड घट्ट धरली. फळी पायाला चिकटून राहिली. फळीसकट तो दोऱ्यांवरून गेला, हवेतच कड सोडली आणि चार चाकांवर पलीकडे उतरला. शेडमधली माणसं माग थांबवून बाहेर आली होती. ती ओरडायला लागली.

एकानं त्याला विचारलं, "रवळू, फळी चिकटली कशी रं?"

"चिकटत न्हाय. धरायची. हवेत पायाला फळीचा भरवसा न्हाय. ह्यो हात सोडला की सगळं गेलं. धरलं की झालं." त्यानं उजवा पंजा उघडून दाखवला. मग माझ्या खिडकीकडे बघून म्हणाला, "काकी, बघितलंस? आज्ज्याच्या फळीची कड लई झ्याक हाय. धरायलाच केल्यागत!"

मी खिडकी लावली. पण जे बघायचं ते बघून झालं होतं. सगळं त्या एका पंजात होतं.

पुढे तो दहातून आठ वेळा जाऊ लागला. मग दहातून दहा. गल्लीतली माणसं आता माझ्याकडे बघत तेव्हा नजर खाली घेत. मालक खड्ड्यात बसून धोटा मारत. त्यांना पन्नाशी उलटून गेली होती. दुसरं काम त्यांना येत नव्हतं.

मुदतीचा शेवटचा शुक्रवार आला. जानेवारीची अठरा तारीख. आम्ही सकाळीच खुंट पुरले आणि ताणा बांधला. दोन हजारांवर दोरे, हिरव्या काठाची साडी. मी गल्लीत उभी राहून हाक दिली, "पांजणीला या!"

भरमू आप्पा आले. त्यांचा मुलगा देवाप्पा आला. समोरची गंगव्वा आली. मग मी उताराकडे तोंड केलं. रवळू त्या तिरक्या दारावर चाकांची फळी ठोकून बघत होता.

"रवळू! हात लाव. गल्लीत हायस न्हवं?"

तो हसला. नाही म्हणायची सोय नव्हती. शेडमध्ये असता तर गोष्ट वेगळी. तो बाह्या वर करत आला.

"लावतो की. तुझा ताणा मीच चोपडतो आन मीच ओलांडतो. दोनी पुण्यं माझीच!"

"तोंड बंद ठेव आन कुंचा हलीव."

खळीचं काम झालं. ताणा वाळत आला तशी मी खोबरेलाची वाटी काढली. तेलाचं काम एकाचंच असतं. पंजानं तेल घ्यायचं आणि सुतावरून पुढे ओढत न्यायचं. ते काम नेहमी मालक करत. मी वाटी रवळूच्या हातात दिली.

मालकांनी मान वर केली. "त्याला कशाला? आण, मी लावतो."

"तुमचा खांदा दुखतोय. तरणा हाय त्यो, लावू दे."

मालक माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी कुंचा उचलला आणि दुसऱ्या टोकाला गेले.

रवळूनं ताण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा तेल ओढलं. तीन वर्षं तो पॉवरलूमवर होता. त्याचे हात तेल विसरले होते. काम झालं तसं उतारावरून परशराम ओरडला, "चल रं! ताणा ओला हाय तवरच जायाचं, कागदात तसं लिवलंय. वाळला म्हंजे ह्या म्हणतील, न्हाय चालत!" त्यानं हॉर्न दाबून धरला.

रवळूनं इकडे तिकडे बघितलं. आमच्या उंबऱ्याकडेही बघितलं. उंबऱ्यावर घागर नव्हती आणि राखही नव्हती. मी ठेवली नव्हती. त्यानं सुताच्या गुंत्याला दोन्ही हात पुसले, पंजा उघडझाप करून बघितला. हात कोरडा वाटला असणार. तो पळत उतार चढून गेला.

मी हे सगळं बघत होते. मला एक शब्द बोलता आला असता. राख घे रं, एवढाच. मी बोलले नाही.

गल्ली दोन्ही बाजूंनी भरली. भरमू आप्पा ताण्याच्या मधोमध, दोन हात लांब उभे राहिले. दोरा तुटतो की नाही ते त्यांनी बघायचं होतं. तिरकं दार ताण्याच्या अलीकडे टेकवलं होतं. वर शेडजवळ रवळू फळीवर चढला. उजवा पाय मागे, डावा पुढे. मग घरघर सुरू झाली.

तो आला तेव्हा मला वाटलं, जातोय हा. इतका सरळ आला. दारावरून सुटला, वाकला, गुडघे छातीशी, उजवा हात मागे. बोटं कडेवर बसली. मी ती बोटं बसलेली बघितली. आणि ती निसटली. त्यानं परत धरायला बघितलं, तोवर फळीचं पुढचं टोक खाली झालं होतं. फळी त्याच्या पायांखालून निघून ताण्यात घुसली आणि मागोमाग तो.

गोणपाट टरकन फाटावं तसा आवाज झाला. अर्धा ताणा एका दमात तुटला. घोड्या कोसळल्या. रवळू ओल्या सुतात गुंडाळून पलीकडच्या दगडावर उजव्या हातावर पडला. मनगट जिथं वाकायला नको तिथं वाकलं होतं. त्यानं मनगटाकडे बघितलं. मग "आये" म्हणाला.

शेवंता पळत आली. परशराम आला. देवाप्पानं सूत हातानं तोडून रवळूला सोडवलं. मी जागेवरून हलले नाही. मी म्हणाले, "दोरा तुटला, आप्पा. बघा. एक न्हाय, हजार तुटलं."

 भरमू आप्पा वाकून फळी उचलत होते. त्यांनी ती उलटी सुलटी केली, कडेवरून अंगठा फिरवला. मग अंगठा नाकाशी नेला.

"तेल," ते म्हणाले.

 शेवंता रडत होती.

"रवळू, कोण हुतं तेलावर?"

"मी," तो दात आवळून म्हणाला. "काकीनं वाटी दिली."

"हात चोळलंस न्हाईस?"

"राख न्हवती."

भरमू आप्पांनी आमच्या उंबऱ्याकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सुलाबाई, राख कुठं हाय?"

"हात त्याचं," मी म्हणाले. "हात धुवायचं बी त्याचंच काम. मी काय त्याची दाई हाय?"

परशराम माझ्या अंगावर धावून आला. देवाप्पानं त्याला मागून मिठी मारून धरलं. "वहिनी, हात मोडला माझ्या पोराचा! हात मोडलासा तुमी!"

"तू आमचं माग मोडाय निघालतास. तवा न्हाय वाटलं?"

"बास," भरमू आप्पा म्हणाले. त्यांनी कोपरीच्या खिशातून तो कागद काढला. तो त्यांच्याकडेच होता. त्यांनी सगळ्यांसमोर वाचला, माझ्या सहीसकट. वाचून झाल्यावर तो माझ्या हातात दिला. "कागदापरमानं झालं. दोरा तुटला. परशराम, तू ताण्याबद्दल तोंड उघडायचं न्हाय. गल्ली सुलाबाईची."

मी कागद घेतला.

"पर कागदात हाताचं काय लिवलेलं न्हाय," ते म्हणाले. "गल्ली तुजी. हात आमचं. ते आमी घिऊन जातो."

ते निघून गेले. देवाप्पा गेला. गंगव्वा जाता जाता आमच्या दाराच्या चौकटीला आपले खळीचे हात पुसून गेली. पाच मिनिटांत गल्लीत मी, तुटलेला ताणा आणि मालक. मालक आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात घागर होती आणि दुसऱ्या हातात राखेचं टोपलं. त्यांनी दोन्ही उंबऱ्यावर ठेवलं आणि शेजारी बसले. कुणी आलं नाही. संध्याकाळी त्यांनी स्वतःचेच हात धुतले.

रवळूचं मनगट दवाखान्यात बसवलं. ते सरळ बसलं नाही. नंतर त्याला टेंपो चालवता येई, पण विणकराची गाठ मारता येत नसे. फळी त्यानं परत हातात घेतली नाही. परशरामानं शेडच्या मागची भिंत पाडून दुसरीकडून वाट काढली. कागदाला तो जागला, त्यानं ताण्याबद्दल तोंड उघडलं नाही.

पुढच्या मंगळवारी मी खुंट पुरले. गल्ली मोकळी होती. उतारावर टेंपो नव्हता, हॉर्न नव्हता. मी हाक दिली, "पांजणीला या!" दारं लागलेली राहिली. गंगव्वाच्या घरात कपडे आपटल्याचा आवाज येत होता. दोघांनीच आम्ही ताणा चोपडायला घेतला. मालक या टोकाला, मी त्या टोकाला. मधलं सूत आमची वाट बघत वाळलं. खळीचे गोळे झाले, दोरे एकमेकांना चिकटले. दुपारी आम्ही तो ताणा कात्रीनं कापून काढला.

मी मनूला निपाणीला पत्र लिहिलं. माझं पहिलं पत्र. चार दिवस येऊन पांजणीला हात लाव. तिचं उत्तर आलं. तिनं लिहिलं होतं, आई, इथं मला सगळं कळलं आहे. मी येणार नाही.

तीन वेळा आम्ही दोघांनी प्रयत्न केला. मग मालकांनी दोन्ही माग मोडले. खड्डे मी स्वतः मातीनं भरले. परशरामानं म्हटल्याप्रमाणेच झालं, फक्त त्यानं केलं नाही. मालक शहापूरला दुसऱ्याच्या पॉवरलूमवर कामाला जाऊ लागले. चौपन्नाव्या वर्षी उभं राहून काम करायला शिकले. आयुष्यभर बसून विणलेला माणूस. पाय सुजत. घरी आले की उंबऱ्यावर बसत, गल्लीकडे बघत. माझ्याशी त्या गोष्टीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. जेवण वाढलं की जेवत.

गल्ली अजून आमचीच आहे. कागद माझ्याकडे आहे. मला विचाराल तर गल्ली आमचीच होती, आणि परशरामानं ती आमच्या हातून घेऊ नये हे मी अजूनही म्हणेन. पण तेलाची वाटी मी मुद्दाम दिली आणि राख मी मुद्दाम ठेवली नाही. भरमू आप्पांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही. आता माझ्या अक्षरात लिहून ठेवते.

भरमू आप्पा शहाऐंशीच्या भाद्रपदात वारले. ताणा तुटला त्या दिवसापासून त्यांनी आमच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. माझे मालक सुबराव सत्याप्पा अकरा डिसेंबर एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, रविवारी, सकाळी वारले.